तौक्ते म्हणून लक्षात राहिलेले वादळ : केळीबागेच्या नुकसानीचे एक प्रकरण

हे प्रकरण का लिहिले

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामपंचायतीने गावाचा आपत्ती आराखडा नव्याने तयार करायला घेतला. त्यात 'गावावर यापूर्वी आलेली संकटे' असा एक रकाना होता. तो भरण्यासाठी जुनीजाणती मंडळी मारुतीच्या पारावर बसली, तेव्हा केळी झोपवणाऱ्या २०२१ च्या वादळाचे नाव सगळ्यांनी एकमुखाने 'तौक्ते' असे सांगितले. तौक्ते त्या साली आले होते हे खरे, पण आमच्या बागा त्याने पाडल्या नव्हत्या. बागा पडल्या त्या दहा-अकरा दिवसांनी आलेल्या, कोणतेही नाव नसलेल्या एका वादळाने. या गफलतीची किंमत गावातल्या चार कुटुंबांनी त्याच वेळी मोजली होती, आणि तीन वर्षांनंतरही गफलत जशीच्या तशी होती, म्हणून हा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

गाव जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातले, तापीच्या उत्तरेकडचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. आम्ही एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतो तीच येथे ठेवली आहेत. त्या वेळी मी शेतकरी गटाचा सचिव होतो, आणि ज्या अर्जांवरून पुढचे सगळे घडले त्यांचा मसुदा माझाच होता, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

आबांच्या कुटुंबाची चार एकर मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसाच्या सुमारास लावलेली केळीबाग, होती. जून २०२० मध्ये, म्हणजे निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येऊन, कमकुवत होत उत्तर महाराष्ट्रावरून गेल्यानंतर पडलेल्या पावसाच्या ओलीवर, ग्रँड नैन जातीच्या ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांची लागवड पाच बाय पाच फुटांवर केलेली होती. एकरी साधारण १,७४० याप्रमाणे चार एकरांत ६,९०० हून अधिक खोडे होती. मृगबाग मे महिन्याच्या अखेरीस कापणीला येते, आणि नेमके तेव्हाच ती वाऱ्याला सर्वांत कच्ची असते. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, तर पानांच्या देठांची एकमेकांवर बसलेली पाणीदार पुंगळी. मुळे बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत, आणि माथ्यावर एका बाजूला लोंबणारा वीस-पंचवीस किलोचा घड. वाऱ्याने खोड एकदा कलले की घडच त्याला खाली ओढतो.

घरात आबा, त्यांचा मुलगा म्हणजे आमचे भाऊ, सून म्हणजे वहिनी, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवा ठरलेला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. बागेचा हवामान आधारित फळपीक विमा काढलेला होता. या योजनेत केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा असे वेगवेगळे धोके धरलेले आहेत. वाऱ्याचा कालावधी १ मार्च ते ३१ जुलै असा आहे, आणि वाऱ्याने नुकसान झाल्यास शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत स्वतः कंपनीला कळवावे लागते. ही अट गटातल्या नऊही जणांना तोंडपाठ होती. ७२ तास कोणत्या क्षणापासून मोजायचे, यावर मात्र आमच्यात कधी बोलणेच झाले नव्हते.

दोन वेगळी वादळे

तौक्ते अरबी समुद्रात लक्षद्वीपजवळ १४ मे २०२१ ला आकाराला आले, मुंबईला समुद्रातून वळसा घालून उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीव-उना भागात जमिनीवर चढले. त्याच्या पोटात ताशी १६० किलोमीटरांहून अधिक वेगाचे वारे होते. दीवपासून आमचे गाव पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे आमच्यापर्यंत आली ती फक्त त्याची झालर. १६ आणि १७ मेला आभाळ भरून राहिले, दिवसभर थांबून-थांबून वारा आला, सरी पडल्या, तीन घरांचे पत्रे उडाले. आबांच्या बागेत पाने चिंध्या झाली आणि ४६ खोडे पडली. वहिनी पाण्याच्या पाळ्या आणि मजुरी एका चौकटीच्या वहीत लिहीत असत, त्यात हा आकडा होता. चार एकरांत ४६ खोडे म्हणजे कळवण्यासारखे नुकसान नव्हे, असे सर्वांनी धरले, आणि ते बरोबरच होते. पण दोन दिवस टीव्हीवर समुद्रातल्या लाटा आणि मुंबईतली पडलेली झाडे पाहून 'तौक्ते' हा शब्द पोरासोरांच्याही तोंडात बसला.

दुसरे वादळ गुरुवारी, २७ मेला, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आले. दुपारी अंगाची लाही होत होती. पाचच्या सुमारास पश्चिमेला काळे ढग उभे राहिले, आणि पाच चाळीसला आधी धुळीची भिंत, मग वारा, मग चिंचोक्याएवढे थेंब असे एकामागून एक आले. जुनी माणसे याला 'वावधन' म्हणतात. तापलेल्या जमिनीवर उंच वाढलेल्या ढगातली पावसाने गार झालेली हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते; त्याला समुद्र लागत नाही, दोन दिवसांची पूर्वसूचनाही नसते, आणि त्याचा पट्टा कधीकधी इतका अरुंद असतो की एका बांधावरची बाग झोपते आणि पलीकडची उभी राहते. इथेही तसेच झाले. वीस-पंचवीस मिनिटांत सारे उरकले. आबा म्हणाले, ओल्या दोरखंडाला पीळ द्यावा तसा आवाज बागेतून येत होता. दुसऱ्या दिवशी बायकांनी ओळीओळीने मोजले तेव्हा ३,८०० हून अधिक खोडे आडवी होती. काही मुळासकट उपटलेली, बरीचशी कमरेत मोडलेली.

त्याच सुमारास, २६ मेला, बंगालच्या उपसागरातून यास चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले होते, त्यामुळे टीव्हीवर पुन्हा चक्रीवादळाच्याच बातम्या होत्या. आमच्या वावधनाचा त्याच्याशी संबंध असो वा नसो, गावाच्या कानाला 'चक्रीवादळ' हा शब्द दहा दिवस सतत ऐकू येत होता.

अडचण कशी उभी राहिली

२८ मेच्या सकाळी गटातले नऊ शेतकरी माझ्याकडे आले. तेव्हा करोनाचे निर्बंध होते, दुकाने आणि संगणक केंद्र सकाळी सात ते अकराच उघडे असे, आणि नऊ अर्ज अकराच्या आत काढायचे होते. पत्रे उडालेल्या तीन घरांसाठी १८ मेला मी एक अर्ज केला होता. तोच मी उघडला, घरांच्या जागी केळीबाग घातली, गट क्रमांक आणि क्षेत्र बदलले, आणि पहिला परिच्छेद तसाच ठेवला. त्यात लिहिले होते : 'तौक्ते चक्रीवादळामुळे दि. १६ व १७ मे २०२१ रोजी झालेल्या वादळी वाऱ्यात...' अर्जाच्या नऊ प्रती निघाल्या, नऊ सह्या झाल्या. विमा कंपनीच्या मोबाईल ॲपवर सूचना भरणाऱ्या आमच्या पुतण्याने समोर अर्ज ठेवून तीच तारीख भरली. अर्ज कोणी वाचला नाही असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. किमान चौघांनी वाचला, आणि 'तौक्ते' हा शब्द पाहून मान डोलावली.

कागदावर याचा अर्थ असा झाला की नुकसान १७ मेला झाले आणि सूचना २८ मेला दिली. म्हणजे ७२ तास उलटून आठवडा झालेला.

ही चूक वहिनींच्या लक्षात आली, रविवारी ३० मेला, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास. भाऊंनी आणलेली अर्जाची पोच त्या वहीत चिकटवत होत्या. "भाऊजी, सोळा-सतराला तर आपली सेहेचाळीसच खोडं पडली होती. हे तुम्ही कोणत्या दिवसाचं लिहून दिलंय?" असे त्यांनी मला फोनवर विचारले. खऱ्या घटनेपासूनचे ७२ तास त्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला संपत होते, आणि रविवार असल्यामुळे कोणतेही कार्यालय उघडे नव्हते.

समोर असलेले पर्याय

सकाळी दहाला आबांच्या ओट्यावर नऊही घरांतली माणसे जमली. सगळ्यांना चूक मान्य होती, पण ती दुरुस्त करावी यावर एकमत नव्हते. आणि हा मतभेद अडाणीपणाचा होता असे मला आजही वाटत नाही.

पहिला पर्याय अर्ज आहे तसा राहू देण्याचा होता. तो गटातल्याच नानांनी जोरात मांडला. "तौक्ते लिहिलं तर सरकार तरी विचारंल, नुसता वारा लिहिला तर कोण विचारतो?" या म्हणण्यामागे आधार होता. आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, पूर आहे, पण नुसता स्थानिक वेगाचा वारा नाही. राज्याला आपल्या स्थानिक आपत्तींसाठी या निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो, पण तो राज्याचा निर्णय. शिवाय पीक नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते, आणि ते तर उघडच होते. तेव्हा 'चक्रीवादळ' हा शब्द सोडणे म्हणजे हातातला दरवाजा आपणच लावणे, असे नानांचे गणित होते. त्यांचा विमाही कमी क्षेत्राचा होता, त्यामुळे विम्याकडून त्यांची अपेक्षा थोडीच होती.

दुसरा पर्याय २७ मे ही तारीख आणि 'वेगाचा वारा' हे कारण देऊन विम्याची सूचना नव्याने भरण्याचा होता. त्यात भीती अशी की जमिनीच्या एकाच गट क्रमांकावर दोन सूचना दिसल्या तर कंपनी दोन्ही फेटाळेल.

तिसरा पर्याय माझा होता : दोन्ही तारखा लिहाव्यात, म्हणजे तौक्तेने सुरुवात झाली आणि २७ मेला बाग पूर्ण पडली असे म्हणावे. सर्वांना सांभाळून घेणारा वाटल्यामुळे तो मला आवडला होता. वहिनींनी तो दोन वाक्यांत मोडीत काढला. त्या म्हणाल्या, अर्ज तपासणारा पहिली तारीख बघेल आणि तिथेच थांबेल; आणि सेहेचाळीस खोडांसाठी आपण तीन हजार आठशे का घालवायची? आबांनी त्यावर एवढेच विचारले की वहीतले पान फोटोत स्पष्ट येईल का.

काय केले

पाच कुटुंबांनी दुसरा पर्याय घेतला, चौघांनी पहिला. अकरा ते चार या वेळात पुतण्याने पाच नव्या सूचना भरल्या. नेटवर्क गावात नव्हते, म्हणून तो आबांच्या घराच्या धाब्यावर, तापलेल्या मातीवर गोणपाट टाकून बसला होता. शेवटची सूचना तीन पन्नासला गेली आणि तिचा नोंद क्रमांक आला, तेव्हा दोन तासही शिल्लक नव्हते.

तारीख सिद्ध करण्यासाठी जे जमवले ते सगळे घरातलेच होते. वहिनींच्या वहीत २७ मेच्या पानावर 'पाळी अर्धी, लाईट गेली ५.४०, बाग पडली' असे लिहिलेले होते. दूध संकलन केंद्राच्या पावत्यांत त्या संध्याकाळची पावती नव्हती, कारण वीज गेल्यामुळे फॅट मोजण्याचे यंत्र बंद पडले होते आणि दूध सकाळी घेतले गेले. आणि मोबाईलमधल्या फोटोंना वेळेची नोंद होती.

यानंतर दुसरा, माझ्या मते पहिल्याहून कठीण, निर्णय घ्यायचा होता. पडलेली बाग आवरायची की पंचनामा होईपर्यंत तशीच ठेवायची? भरलेले घड दोन-तीन दिवसांत मातीमोल होतात. एका व्यापाऱ्याने वेफर्ससाठी पडेल भावाने माल उचलण्याची तयारी दाखवली होती. खोडांखाली दबलेले पील (बुंध्याशी फुटलेली नवी रोपे) लवकर मोकळे केले नाहीत तर कुजतात आणि त्यांच्यावर धरायची पिलबागही हातची जाते. दुसरीकडे, रान साफ दिसले तर पंचनाम्याला येणारा माणूस काय मोजणार? भाऊंचे म्हणणे सगळे कापून मोकळे व्हावे असे होते, कारण मजूर त्या दिवशी मिळत होते आणि पुढच्या आठवड्यात मिळतील याची खात्री नव्हती.

आबांनी मधला मार्ग काढला. रस्त्याकडेची दोन एकर कापायची, पण कापण्याआधी प्रत्येक ओळीच्या तोंडाशी गट क्रमांक, ओळीचा क्रमांक आणि पडलेल्या खोडांचा आकडा लिहिलेली पाटी ठेवून फोटो काढायचा. आतली दोन एकर पंचनामा होईपर्यंत हातही लावायचा नाही. पाटी म्हणजे नातवाची शाळेची होती, शाळा बंद असल्यामुळे ती रिकामीच होती. अशा छप्पन्न ओळींचे फोटो निघाले. पाचांपैकी एका कुटुंबाने मात्र घाईत सगळीच बाग कापून रोटाव्हेटर फिरवला.

पंचनाम्याच्या दिवशी एक गोष्ट अनपेक्षितपणे कामी आली. आतल्या दोन एकरांत फिरताना आबांनी आलेल्या माणसांना पडलेल्या खोडांच्या दिशा दाखवल्या. तौक्ते आमच्या पश्चिमेला समुद्रात असताना आमच्याकडे वारा दक्षिणेकडून येत होता, त्यामुळे तेव्हाची पडलेली खोडे उत्तरेकडे डोके करून होती, वाळून तपकिरी झाली होती आणि त्यांच्या घडांवर बुरशी धरली होती. २७ मेचा वारा पश्चिमेचा. त्या दिवशीची शेकडो खोडे एकजात पूर्वेकडे डोके करून, अजून हिरवी, पडलेली होती. दोन वादळे दोन दिशांना झोपलेली, त्याच रानात. पंचनाम्यात ही नोंद घेतली गेली.

निष्पत्ती

नव्याने भरलेल्या पाचही सूचना मुदतीत धरल्या गेल्या, आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरची वाऱ्याची नोंदही निकषात बसली. त्यांपैकी चार कुटुंबांना काही महिन्यांनी विम्याची रक्कम मिळाली. आबांच्या घरी ती झालेल्या नुकसानीच्या निम्म्याहून थोडी कमी होती. उधारीचे खत आणि ठिबकचा हप्ता तिच्यातून भागला, पुढची लागवड दोनच एकरांवर झाली. रोटाव्हेटर फिरवणाऱ्या कुटुंबाचे नुकसान फारच कमी धरले गेले, कारण त्यांच्याकडे फोटो तीनच होते आणि तिन्हींत पडलेल्या बागेपुढे घरातली माणसे उभी होती.

अर्ज तसेच ठेवणाऱ्या चौघांच्या सूचना मुदतीबाहेर ठरल्या. चक्रीवादळाची मदतही त्यांना मिळाली नाही, कारण जागेवरच्या पंचनाम्यात नुकसानीची तारीख २७ मे आली आणि अर्जातली तारीख तिच्याशी जुळेना. नानांनी त्यानंतर वर्षभर माझ्याशी मोजकेच बोलणे ठेवले. अर्ज तसाच ठेवण्याचा आग्रह त्यांचा होता, पण मुळातली तारीख मी लिहिली होती, त्यामुळे त्यांचा राग मला वाजवीच वाटला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे जुना अर्ज उघडायलाच नको होता. कोऱ्या कागदावर 'काल संध्याकाळी' असे लिहायला लागलो असतो, तर तारीख आपोआप बरोबर पडली असती. घाई होती हे खरे, पण ती घाई सकाळी अकरा वाजता बंद होणाऱ्या केंद्राची होती. सूचनेला तर अजून अडीच दिवस होते. कोणत्या मुदतीमागे धावत आहोत हेच मी त्या सकाळी पाहिले नाही.

नानांच्या पर्यायाबद्दल माझे मत पुढे थोडे बदलले. शासनाची मदत आणि विमा हे दोन वेगळे रस्ते आहेत; एकासाठी दिलेला अर्ज दुसऱ्याला बांधील नसतो. त्या रविवारी आम्ही एकच कागद दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट धरला आणि म्हणूनच भांडलो. दोन कागद केले असते, दोन्हींत तारीख २७ मेच ठेवली असती आणि मदतीच्या अर्जात राज्याच्या निर्णयाची वाट पाहिली असती, तर नानांच्या हातून विमा तरी गेला नसता.

४६ खोडांची नोंद तेव्हाच, १८ मेला, कळवून ठेवायला हवी होती का, यावर आमच्यात अजून दोन मते आहेत. भाऊ म्हणतात, कळवली असती तर दोन वादळे कागदावरच वेगळी झाली असती. मला वाटते, इतक्या किरकोळ नुकसानीची सूचना भरली असती तर पुढची खरी सूचनाही तिच्याबरोबर ढिगात गेली असती.

त्या चुकीचा एक परिणाम बराच नंतर दिसला. तौक्ते हेच आपले वादळ असे धरल्यामुळे गाव समुद्राकडे पाहायला शिकले. जून २०२३ मध्ये बिपरजॉय गुजरातच्या किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा आमच्याकडे आठवडाभर आधीपासून बागांना पॉलीप्रोपिलीनच्या पट्ट्या आणि बांबूचे टेकू लागले; ते १५ जूनला जखाऊ बंदराजवळ कच्छमध्ये जमिनीवर आले आणि आमच्या शिवारात पानही फाटले नाही. पट्ट्या बांधणे वाया गेले असे नाही, पण त्या मेच्या मध्यापासूनच हव्या होत्या, कारण वावधनाचे दिवस ते. हवामान खात्याचा दोन-तीन तासांपुरता तात्काळ अंदाज मोबाईलवर मिळतो, तो मात्र आजही गावात मोजकीच पोरे पाहतात. दोन-तीन तासांत चार एकर बांधून होत नाही. ठिबक बंद करून माती अधिक ओली होऊ न देणे आणि माणसे बागेबाहेर काढणे एवढे होते.

आराखड्याच्या रकान्यात आता दोन ओळी लिहिल्या आहेत : '१६-१७ मे २०२१, तौक्ते, पत्रे व किरकोळ नुकसान' आणि '२७ मे २०२१, सायंकाळी ५.४०, पश्चिमेकडून वावधन, केळी'. आबांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, बरोबर आहे, तौक्तेचा वारा पश्चिमेचाच होता. वहिनींनी कपाळावर हात मारला.

वारा अडवायला बागेच्या पश्चिमेलाही शेवरी आणि गजराज गवताची दुहेरी ओळ लावायची असे २०२१ च्या जूनमध्येच ठरले होते. दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या बांधावर ती लागलीही, आता डोक्याच्या वर गेली आहे. पश्चिमेचा बांध चुलत घराण्याशी सामाईक आहे, आणि शेवरीच्या सावलीने त्यांचा हरभरा बसेल की नाही यावरून मोजणीचा अर्ज पडून आहे. ती बाजू अजून उघडीच आहे.